दुधनीचा मॅप

जावयाच्या गाडीतून सासऱ्याने भर चढावर खाली उतरायचं आणि चालत चालत गाडीच्या आधी वर पोचायचं, हा आपल्याकडे अजून गुन्हा धरत नाहीत. रत्नदीप चंदनशिवेच्या मते तो धरायला हवा. किमान दखलपात्र तरी.

झालं ते असं. रत्नदीपचे सासरे जालिंदरमामा माढ्याहून आले होते. सोबत लेकीसाठी ज्वारीचं पोतं आणि शेंगांची पिशवी. त्यांना स्टँडवरून घेऊन रत्नदीप जुळे सोलापुरातल्या घरी निघाला. गाडी सेकंडहँड, डिझेलची. सपाटीला बरी चालायची, पण आसरा पुलाचा चढ लागला की तिला आपल्या वयाची आठवण व्हायची. त्यात त्या दिवशी एसी चालू, कारण सासरे बसलेले. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकायला लागली. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग शांतपणे दार उघडलं.

"थांबा जावई, जरा वजन कमी करतो," म्हणाले आणि उतरले. हात पाठीमागे बांधून चालायला लागले. चालता चालता गाडीच्या पुढे गेले. वर पोचून वळले आणि बैलगाडी मागे घेताना करतात तसं हाताने 'या, या, येऊ द्या' केलं. ते अगदी मायेने केलं, हेच रत्नदीपला जास्त झोंबलं.

मामा मनाचे मोठे, त्यांनी विषय काढला नाही. काढला तो फोनवर, लेकीपाशी. धाकट्या मुलासाठी, सुगतसाठी, मुली बघणं चाललं होतं, त्यावरून म्हणाले, "सुगतच्या लग्नात नवरदेवाला संघपालची गाडी घिऊ. रत्नदीपच्या गाडीला कशाला तरास?"

संघपाल म्हणजे रत्नदीपचा साडू. पुण्याला असतो. त्याची गाडी पांढरी, उंच, आणि चढताना लागणाऱ्या पायरीसकट. आता कोणी म्हणेल, साडूची गाडी मोठी असली म्हणून काय झालं? असं म्हणणाऱ्याला साडू नसणार. शिवाय रत्नदीप थोरला जावई. मेहुण्याच्या लग्नात नवरदेव थोरल्याच्या गाडीतून जायचा सोडून धाकट्याच्या गाडीतून गेला, तर थोरल्याने मागच्या टेंपोत भांड्यांशेजारी बसायचं का? 'तरास' हा शब्द त्याच्या कानात आठवडाभर घुमत राहिला.

कॉलनीत सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने टायरात वेगळी हवा भरायला सांगितली. दुसऱ्याने डिझेलमध्ये टाकायचं एक औषध सुचवलं, जे त्याच्या मेहुण्याच्या दुकानात मिळत होतं. शेजारचे श्रीमंतअण्णा शिवशरण म्हणाले, "गाडीला सवय लावायला पायजे की. माझ्याकडं द्या दोन दिवस, पळवून आणतो." अण्णा मूळचे दुधनीचे, अक्कलकोटच्या पलीकडले, कर्नाटकाच्या अगदी दारातले. गावी काही निघालं की ते ही गाडी मागून न्यायचे आणि अशी पळवायचे, की मागच्या खेपेला येताना पुढचा बंपर मागच्या सीटवर ठेवून आले होते. "हे तुमचंच हाय का बघा," असं वर विचारलं होतं. त्यांना नाही म्हणणं जमत नव्हतं, कारण रत्नदीपच्या आईच्या आजारपणात हाच माणूस दवाखान्यात रात्रंदिवस बसला होता.

शेवटी ऑफिसातल्या कोणीतरी मानसिंगचं नाव काढलं. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यामागे त्याचं गॅरेज. बाहेर पाटी, 'इंजिन ट्यूनिंग'. ती वाचून रत्नदीपला आधी पेटी-तबल्याची आठवण झाली, पण आत गेल्यावर खुलासा झाला.

मानसिंग म्हणाला, "सर, गाडीचं इंजिन वाईट नाही. त्याला मिळणारे हुकूम वाईट आहेत."

हे वाक्य रत्नदीपला एकदम पटलं. तो सरकारी नोकरीत वरिष्ठ सहायक होता.

कधी किती डिझेल सोडायचं हे गाडीतला कंप्युटर ठरवतो. मानसिंग त्याच्या जोडीला बाहेरचा आणखी एक कंप्युटर बसवायचा. त्यात चार कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक मॅप. मॅप म्हणजे रस्त्याचा नकाशा नव्हे. इंजिनाने कसं वागायचं त्याचे ठरवून दिलेले नियम, त्याला ही मंडळी मॅप म्हणतात. मोबाइलवर बोट लावलं की मॅप बदलतो आणि गाडीचा स्वभावही. एक कंपनीचा, साधा. एक डिझेल वाचवणारा. एक ताकदीचा. आणि चौथा?

"चौथा व्हॅले मॅप, सर. मोठ्या हॉटेलात गाडी लावायला दुसऱ्याच्या हातात देतो ना, तेव्हाचा. कितीही दाबा, वीसच्या पुढं जात नाही."

रत्नदीप ज्या हॉटेलांत जायचा तिथे गाडी आपली आपणच लावायची असते, पुढे उभ्या असलेल्या म्हशीला विनंती करून. पण 'दुसऱ्याच्या हातात' म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे मागच्या सीटवरचा बंपर आला. "टाका," तो म्हणाला.

मॅप लोड होताना गाडीला हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही, असं मानसिंगने बजावलं. रत्नदीपने तर श्वाससुद्धा बेताने घेतला. लॅपटॉपवरची हिरवी पट्टी शेवटाला आली आणि एमआयडीसीची लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी, मानसिंगच्या भाषेत, 'नावाला' होती. त्यानंतर गाडीने जे केलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. वायपर आपोआप फिरू लागले, हॉर्न अधूनमधून उसासे टाकू लागला, आणि इंजिन मात्र कशालाच दाद देईना. "घाबरू नका सर, जुनं विसरलीय आणि नवं शिकली नाही," मानसिंग म्हणाला. रत्नदीप टमटममध्ये दोन विणकरांच्या मधे बसून घरी आला आणि गाडी ऑफिसच्या कामाला दिलीय म्हणून सांगितलं. गाडी काही दिवसांनी शुद्धीवर आली.

घरी सांगायचं नव्हतं, याला कारण होतं. दीक्षाने, म्हणजे त्याच्या बायकोने, या गाडीवर आता एक स्क्रूही नवा चढणार नाही असं जाहीर केलेलं होतं, आणि रत्नदीपच्या मोबाइलवर रत्नदीपपेक्षा तिचाच अंगठा जास्त असायचा. तिथे 'पॉवर' वगैरे नाव दिसलं की खटला उभा राहिला असता. म्हणून त्याने सरकारी डोकं लढवलं आणि मॅपना अशी नावं दिली की कोणाला संशय येऊ नये. साध्याला 'ऑफिस'. डिझेल वाचवणाऱ्याला 'बाजार'. ताकदीच्या मॅपला 'माढा', कारण ताकद दाखवायची ती तिथेच. आणि वीसच्या पुढे न जाणाऱ्या मॅपला, श्रीमंतअण्णांच्या सन्मानार्थ, 'दुधनी'.

आपण किती हुशार आहोत, असं त्याला त्या दिवशी वाटलं. माणसाला असं वाटलं की पुढचं ठरलेलंच असतं.

पहिला दणका धुराच्या तपासणीत बसला. केंद्रावरचा माणूस नळी लावून म्हणाला, "साहेब, लई धूर हाय." रत्नदीपच्या लक्षात आलं की गाडी 'माढा'वर आहे. त्याने खिशातल्या खिशात मोबाइल चाचपून 'ऑफिस' लावलं. "आता बघा." त्या माणसाने बघितलं, नळी काढून हुंगली, परत लावली आणि रत्नदीपकडे संशयाने पाहू लागला. मग त्याने ओटीपी मागितला. तो गाडीच्या आधीच्या मालकाच्या नंबरवर गेला. नंबर बदलून घ्यायला, नियमाप्रमाणे, जुन्याच नंबरवर ओटीपी जाणार होता. जुन्या मालकीण नागम्मा, मुक्काम विजयपूरच्या पलीकडे, भाषा फक्त कानडी. शेवटी श्रीमंतअण्णांना फोनवर घ्यावं लागलं. अण्णा आणि नागम्मा बराच वेळ बोलले. मधेच हसले. पाऊसपाणी झालं, कोणाची तरी चौकशी झाली, आणि आकडा येईपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्या ओटीपीला नागम्मांनी गाडीची तब्येतही विचारली.

या उपकारानंतर अण्णांनी गाडी मागितली तेव्हा रत्नदीपने हसतमुखाने किल्ली दिली आणि 'दुधनी' लावलं. अण्णा सकाळी गेले ते पार दिवेलागणीला आले. गाडीवर ओरखडा नव्हता. मात्र अण्णा विचारात पडले होते.

"एक सांगू का रत्नदीप? तुमच्या गाडीला दुधनीचा रस्ता मानवत न्हाई बघा. निघताना बिचारीचं पाऊलच उचलत न्हाई."

"असं? बघायला पाहिजे," रत्नदीप म्हणाला आणि आत जाऊन पोट धरून हसला.

पुढे महिन्याभरात अण्णांनी सुगतसाठी एक स्थळ आणलं. मुलगी शिक्षिका, घर चांगलं, माणसं मोकळी. मामांनी पाहिली, सुगतला आवडली, ठरलं. मुलगी कुठली? दुधनीची. लग्न कुठं? मुलीच्या दारात, दुधनीला. रत्नदीपला यात काही धोका आहे असं मुळीच वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं. तो मुद्दाम माढ्याला गेला, मामांना गाडीत बसवलं आणि 'माढा' लावून गावाबाहेरच्या चढावर असा काही वर नेला की मामांची टोपी मागे पडली.

मामांनी टोपी उचलून झटकली. "सर्व्हिसिंग केली व्हय?"

"केली थोडी," रत्नदीप विनयाने म्हणाला.

"मग नवरदेव हिच्यातच बसवू. थोरल्या जावयाचा मान हाय त्यो."

परतीच्या वाटेवर तो एकटाच गाणी म्हणत आला.

लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड सोलापुरात मुक्कामाला आलं. सकाळी गाडीला झेंडूच्या माळा लागल्या. पुढे मामा, मागे नवरदेव सुगत, करवली म्हणून दीक्षा आणि मध्यस्थ म्हणून श्रीमंतअण्णा. मागून संघपालची पांढरी गाडी, त्यामागे टेंपो. 'माढा' चालू होतं. अक्कलकोटपर्यंत रत्नदीपने संघपालला आरशातसुद्धा येऊ दिलं नाही. मामा दोनदा "वा" म्हणाले. अण्णा मात्र सारखे खिडकीबाहेर बघून म्हणत होते, "नवल हाय. आज कशी काय ऐकती?"

अक्कलकोटला चहा झाला. रत्नदीप टायर बघायला उतरला आणि मोबाइल सीटवर ठेवून गेला. मामा लेकीला म्हणाले, "दीक्षा, फुडचा रस्ता बघ गं. मॅप लाव."

दीक्षाने मोबाइल उचलला. समोर चार नावं होती आणि 'माढा' हिरवं झालेलं होतं. "बघा यांचं! दुधनीला निघालोय आणि माढ्याचा मॅप लावून बसलेत," म्हणत तिने 'दुधनी'वर बोट ठेवलं. ते हिरवं झालं. तिने समाधानाने मोबाइल पर्समध्ये टाकला.

गाव सुटलं आणि गाडीही ढेपाळली. रत्नदीपने पाय दाबला. काटा वीसवर. आणखी दाबला. वीस. त्याने पाय जवळजवळ खालच्या पत्र्यातून बाहेर काढला. काटा हलेना. संघपालची गाडी हॉर्न देत पुढे गेली. टेंपो गेला, टेंपोतल्या बायका हात हलवत गेल्या. मग एक ट्रॅक्टर गेला. मामा खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले.

"जावई, काय झालं?"

"काही नाही मामा. जरा... गाडी गरम होऊ नये म्हणून."

"मी सांगितलं हुतं," मागून अण्णा म्हणाले. त्यांचा स्वर समाधानाने भरलेला होता. "ह्या गाडीला दुधनी मानवत न्हाई. मागच्या खेपेला सोलापुरातनंच अशी करत हुती. आज अक्कलकोटपर्यंत आली हेच लई झालं."

रत्नदीपला वाटलं, कंप्युटर बिघडला. एमआयडीसीतली ती लाइट त्याला आठवली, ते फिरणारे वायपर आठवले. लग्नाची वेळ टळत होती. तिकडे मांडवात माणसं बसली असतील, बौद्धाचार्य घड्याळ बघत असतील. तो हळूच म्हणाला, "दीक्षा, मोबाइल दे जरा."

"गाडी चालवताना मोबाइल बघायचा नाही. मी लावलाय मॅप."

"कुठला मॅप लावलास?"

"दुधनीचा. मग काय माढ्याचा लावू?"

रत्नदीपच्या डोक्यात सगळा उजेड एकदम पडला. इतका, की क्षणभर त्याला रस्ता दिसेना. "होय! माढ्याचाच लाव!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता माढा लाव!"

मामा सावकाश त्याच्याकडे वळले.

"माढा? नवरदेव घिऊन माघारी जायाचं म्हंता?"

"तसं नाही मामा. माढा लावला की गाडी दुधनीला लवकर जाईल."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचं त्यालाच कळलं की ते कसं ऐकू येतंय. सुगतने घाबरून बहिणीकडे पाहिलं. अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "ऊन लागलं वाटतं."

"मामा, ऐका. मॅप म्हणजे रस्ता नव्हे. मी गाडीत एक कंप्युटर बसवलाय..."

"कंप्युटर बसवा न्हायतर टीव्ही बसवा," मामा म्हणाले, "पर लग्नाला निघालेल्या गाडीत परतीचं नाव काढायचं न्हाय. दीक्षा, मोबाइल देऊ नगंस."

दीक्षाने पर्स छातीशी धरली. 'कंप्युटर' हा शब्द तिने बरोबर ऐकला होता. आरशात तिचे डोळे दिसत होते आणि त्यात घरी गेल्यावरचा सगळा कार्यक्रम दिसत होता.

तेवढ्यात समोरून संघपाल परत आला. गाडी आडवी लावून खाली उतरला, गॉगल वर केला आणि सासऱ्यांना म्हणाला, "अप्पा, उशीर होतोय. सुगतला माझ्या गाडीत द्या. पाच मिनिटांत पोचवतो."

रत्नदीपने स्टिअरिंग घट्ट धरलं. त्याच्या मनात आलं, बरोबरच आहे. न्या. नवरदेवाला न्या, माळाही काढून न्या. त्याचा चेहरा असा झाला की मागून दीक्षाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मामा संघपालला म्हणाले, "नवरदेव म्हंजी काय पार्सल हाय व्हय, हितनं उचलून तितं टाकायला? तू हो फुडं. सांग त्यास्नी, येतोय म्हणून. नवरदेवाबिगर लगीन लागतंय व्हय?"

संघपाल गेला. गाडी पुन्हा वीसने निघाली. दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं सावकाश मागे जात होती. मामा रस्त्याकडे बघतच बोलले.

"त्या दिशी पुलावर मी उतरलो. तुमाला लागलं ते. दीक्षा म्हनली मला, हप्ताभर धड जेवला न्हाई म्हणून. चुकलं माझं. जावयाच्या गाडीतनं असं उतरायचं नसतं. आता ही चालू दे न्हायतर ढकलाय लागू दे, मी काय उतरत न्हाय."

रत्नदीपचे डोळे भरून आले होते, आणि वीसच्या वेगात ते पुसायला भरपूर सवड होती. एवढ्या सगळ्या खटपटीत जे कमवायचं होतं ते कंप्युटरशिवायच त्याच्या शेजारी येऊन बसलं होतं. त्याने पुन्हा मोबाइल मागितला नाही.

दुधनीच्या वेशीवर मुलीकडची मंडळी हलगी आणि बँड घेऊन ताटकळत उभी होती. लांबून माळांनी सजलेली गाडी दिसली. ना धूळ, ना हॉर्न, एका लयीत सावकाश येणारी. त्यांना वाटलं, पाहुण्यांनी वरात तिथूनच काढलीय. एकजण ओरडला, "काय झोकात आणल्यात नवरदेवाला!" आणि बँड सुरू झाला. पोरं पुढे नाचू लागली. रत्नदीपची गाडी एकदाही हिसका न देता, बंद न पडता त्यांच्या मागे चालत राहिली. वरातीसाठी याहून चांगला मॅप जगात कोणी बनवला नसेल. संघपालची पांढरी गाडी मात्र पावलापावलावर थांबून थांबून तापली आणि बोनेट उघडून बाजूला उभी राहिली. मामा खिडकीतून सगळ्यांना जय भीम करत होते, आणि मधूनच रत्नदीपच्या मांडीवर थाप मारत होते.

लग्न उशिरा लागलं, पण थाटात लागलं. पाठवणीच्या वेळी मुलीच्या वडिलांनी 'ती शांत गाडी'च मागितली. नवी नवरी, सुगत, दीक्षा आणि मामा असे बसले. अण्णा गावीच राहिले. निघताना मामा म्हणाले, "दीक्षा, आता माढ्याला जायाचंय. आता लाव माढ्याचा."

दीक्षाने आरशातून रत्नदीपकडे पाहिलं. रत्नदीपने गाडी चालू केली. तिने 'माढा' लावलं.

सपाटीला रत्नदीपने बेताने घेतलं. वाटेत घरी चहाला थांबायचं होतं. आसरा पूल समोर आला. तोच चढ, तोच एसी, शेजारी तेच सासरे. माणसाचे पाय शेवटी मातीचेच. त्याने पाय दाबला.

गाडी चढ चढली नाही, उडाली. मागे काळ्या धुराचा लोट, पुढे एका रिक्षावाल्याची किंकाळी. मामांची टोपी मागच्या सीटवर नवरीच्या मांडीत. मामांनी एका हाताने दार आणि दुसऱ्या हाताने रत्नदीपची पॅंट धरली होती.

"थांबवा! जावई, थांबवा म्हंतो!"

अर्ध्या चढावर गाडी थांबली. मामांनी दार उघडलं आणि उतरले.

"तुमी व्हा फुडं," ते म्हणाले, "मी आलोच चालत."

रत्नदीप गाडी पुलापलीकडे घेऊन थांबला. आरशात मामा दिसत होते, हात पाठीमागे बांधून येणारे. या वेळी गाडीच्या मागे. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने प्रयत्नही केला, पण हसू काही आवरेना.

मामा येऊन बसले. टोपी मागून घेतली, डोक्यावर दोन्ही हातांनी घट्ट बसवली आणि दार ओढून घेतलं.

"दीक्षा, दुधनी लाव."

"अप्पा, आपल्याला माढ्याला जायचंय."

"ठाऊक हाय मला," मामा म्हणाले. "दुधनीवरनं जाऊ."